लाईट बिल आणि गॅसची सवलत: आपल्यातलं कोण बसतं, कोण उगाच बाहेर राहतं



पावसाळा सरला की संस्थेच्या टेबलावर दोन कागद ठरलेले असतात. एक जाळं-दोरीच्या दुकानाची उधारी आणि दुसरं लाईट बिल. पावसाळ्यात जाळं बंद, पाणी गढूळ, हातात मजुरीशिवाय काही नाही. मीटर मात्र फिरतच असतो. त्यात आपल्याकडे बिल दोन महिन्यांचं एकदम येतं, म्हणजे ज्या दोन महिन्यांत कमाई नाही त्याच दोन महिन्यांचा आकडा एका दिवशी दारात.

यंदा आम्ही बिलं नुसती पाहिली नाहीत. ज्यांनी आणून दिली त्यांचं लाईट बिल, रेशन कार्ड आणि गॅसचं पुस्तक एकाच वेळी समोर ठेवलं. तेव्हा लक्षात आलं की सवलतीत बसणारी घरं पूर्ण दराने बिल भरतायत, आणि "आपल्याला कोण देतंय" म्हणून कधी विचारायलाही गेली नाहीत. काहींनी अर्ज केला, तर होडीमुळे किंवा कार्डामुळे अडकले. म्हणून हे जरा लांब लिहितोय. एका दमात नाही वाचलं तरी चालेल, पण घरातल्या बाईमाणसाला वाचून दाखवा. गॅसचं कनेक्शन तिच्या नावावर असतं.

आधी लाईट.

बारडोली तालुक्यात वीज दक्षिण गुजरात वीज कंपनीची. आपण अजून जीईबीच म्हणतो, म्हणू द्या. या कंपनीच्या घरगुती दरात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी वेगळा दर आहे. महिन्याच्या पहिल्या ५० युनिटला दीड रुपया. पूर्वी ही सवलत ३० युनिटपुरती होती, आता ५० ची आहे. त्यापुढच्या युनिटला सगळ्यांसारखाच दर. आणि स्थिर आकार १५ रुपयांऐवजी ५ रुपये.

हिशोब करून दाखवतो. समजा खेड्यातलं घर, दोन महिन्यांत १६० युनिट, म्हणजे महिन्याला ८०. साध्या दराने पहिले ५० युनिट २ रुपये ६५ पैशांनी, पुढचे ३० युनिट ३ रुपये १० पैशांनी, वर १५ रुपये स्थिर आकार. झाले २४० रुपये ५० पैसे. बीपीएल दराने ५० युनिटचे ७५, पुढच्या ३० चे ९३, स्थिर आकार ५. झाले १७३. महिन्याला साडेसदुसष्ट रुपये, वर्षाला ८१०. नगरपालिकेच्या हद्दीत राहत असाल तर पहिल्या टप्प्याचा साधा दर ३ रुपये ५ पैसे आहे, म्हणून फरक वर्षाला १,०५० पर्यंत जातो. यावर इंधन अधिभार आणि वीज कर वेगळे. इंधन अधिभार बीपीएललाही लागतो. म्हणून "दीड रुपया सांगितला आणि बिल तर एवढं आलं" असं कुणी म्हणालं तर त्याला तो रकाना दाखवा.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच बरेच जण घाबरून मागे फिरतात. ५० युनिटच्या वर गेलात तर सवलत बंद होत नाही. ८० जाळा, १२० जाळा, पहिले ५० दीड रुपयानेच. आणि दोन महिन्यांच्या बिलात ही हद्द १०० युनिटची होते. एका ताईंनी आम्हाला सांगितलं की मागच्या बिलात ११० युनिट आले म्हणून त्या गेल्याच नाहीत. नुसता एक पंखा आणि टीव्ही, तरी स्वतःला श्रीमंत समजून बसल्या!

सीमेपलीकडे गोष्ट वेगळी आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ घर नवापूर, नंदुरबार, शहादा भागात. ताप्ती व्हॅलीच्या गाडीत बसलं की दुपारपर्यंत घरी. तिथे महावितरणच्या बीपीएल दराला वर्षाच्या वापराची अट आहे, ३६० युनिट. ती ओलांडली की कुटुंब त्या गटातून बाहेर, साध्या घरगुती दरात. गावाकडे भाऊ राहतो आणि त्याने मोठा टीव्ही आणि कूलर एकदम घेतला, तर त्याला हे सांगून ठेवा. इकडचा नियम तिकडे आणि तिकडचा इकडे सांगितल्यामुळेच निम्मा घोळ होतो.

आता ही सवलत आपोआप लागत नाही. बीपीएल कार्डाची नक्कल वीज कंपनीच्या आपल्या उपविभागाच्या कचेरीत नेऊन द्यावी लागते. कंपनी घरी येऊन विचारणार नाही. बिलावर दराचा प्रकार छापलेला असतो. तिथे आरजीपी असेल तर तुम्ही साध्या दरात आहात. बिल गुजरातीत असतं, आपल्यातल्या जुन्या मंडळींना वाचायला जड जातं. शाळेत जाणाऱ्या नातवाला बसवा, तो दोन मिनिटांत सांगेल.

आणि बीपीएल कार्ड म्हणजे रेशन कार्ड नव्हे. धान्याच्या दुकानात ज्यावर गहू-तांदूळ मिळतो तो अन्नसुरक्षेचा कागद. त्यात बीपीएल नसलेली घरंही आहेत. वीज दरासाठी जो लागतो तो गरिबीच्या यादीतला क्रमांक आणि गुण असलेला दाखला. खेड्यात तो तालुका पंचायतीतून, शहरात नगरपालिकेतून. खेड्याच्या यादीचा पाया २००२ च्या गणनेचा आहे. १३ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. गुजरातेत ज्यांचे गुण २० पर्यंत ते यादीत, त्यातही ० ते १६ वाले जास्त गरीब आणि १७ ते २० वाले त्याच्या वर. अंगावर कपडे किती, जेवण किती वेळ, घर कसं, कर्ज कुणाचं, असे ते प्रश्न होते.

२००२ सालच्या प्रश्नांवर आजचं घर मोजायचं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. तेव्हा ज्याचं लग्नही झालं नव्हतं त्याला आज दोन पोरं आहेत, चूल वेगळी आहे, मीटर वेगळा आहे. यादीत मात्र तो बापाच्या नावाखाली. बापाचं नाव यादीत असेल तर तो क्रमांक शोधून काढा. वेगळं कुटुंब म्हणून दाखला मागता येतो का ते तलाट्याला आणि तालुका पंचायतीत विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

बारडोलीच्या मातीत या गोष्टीला जुना इतिहास आहे. १९२८ चा सत्याग्रह आपण सरदारांच्या नावाने ओळखतो, पण भांडण मुळात आकारणीचं होतं. अधिकाऱ्याने कागदावरून शेतसाऱ्याची वाढ सुचवली, सरकारने २२ टक्के लावली. नंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोघांची चौकशी गावोगाव फिरली तेव्हा ती ६ टक्क्यांच्या आसपास आली. माणूस किती कमावतो हे कचेरीत बसून ठरवलं की असं होतं.

गेल्या वर्षी एका विधवा सभासद ताईंचं काम आम्ही हातात घेतलं. मीटर सासऱ्यांच्या नावावर, सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. बीपीएल क्रमांक नवऱ्याच्या नावावर, तोही गेला. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, नाव जुळत नाही. खरं म्हणजे त्याचंही चूक नव्हतं, कागदावर तीन माणसं होती आणि समोर चौथी उभी. आधी सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, मग वारसाचा कागद, मग मीटरचं नाव बदल, मग बीपीएलची नक्कल. चार खेपा झाल्या. खेपेगणिक एका दिवसाचा धंदा बुडाला, कारण त्या टोपली घेऊन बाजारात बसतात. पण पुढच्या बिलावर दर बदलून आला. त्या दिवशी त्यांनी आम्हाला चहा पाजला, आम्ही नको म्हटलं तरी. तेव्हा ज्यांचे मीटर अजून मेलेल्या माणसाच्या नावावर चालतायत त्यांनी हे काम आजच काढा, सवलत असो की नसो.

भाड्याने राहणाऱ्यांची अडचण वेगळी. खोलीत पोटमीटर, घरमालक युनिटला त्याच्या मनाचा भाव लावतो. सवलत कनेक्शन ज्याच्या नावावर त्याला, आणि ते नाव घरमालकाचं. याला आमच्याकडे गोड उत्तर नाही. एवढंच करा, घरमालकाकडे मूळ बिल बघायला मागा. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, हा भाव निघतो. त्यापेक्षा फार जास्त घेत असेल तर दोन शब्द बोलायला जागा आहे. भांडू नका, खोली जाईल.

आता गॅस. आमचं मत विचाराल तर लाईटपेक्षा इथे जास्त पैसे आहेत.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशात बलियाला सुरू झाली. दुसरा टप्पा ऑगस्ट २०२१ मध्ये. कनेक्शन घरातल्या १८ वर्षांवरच्या बाईच्या नावाने, आणि घरात दुसरं कुठल्याही कंपनीचं गॅस कनेक्शन नसावं. सिलिंडरमागे अनुदान मे २०२२ पासून २०० रुपये होतं, ऑक्टोबर २०२३ पासून ३००. २०२५-२६ साठी ते वर्षाला ९ सिलिंडरपर्यंत दिलं. म्हणजे २,७०० रुपये, थेट बँकेत. त्यावर गुजरात सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये उज्ज्वलावाल्यांना वर्षाला दोन सिलिंडर मोफत जाहीर केले. पैसे आधी आपण भरायचे, मग खात्यात येतात. खातं आधारला जोडलेलं नसेल तर ते हवेतच राहतात. दर आर्थिक वर्षात एकदा एजन्सीवर अंगठा किंवा चेहरा दाखवून आधारची ओळख पटवायची असते, तीही विसरू नका. मासळी साफ करणाऱ्या बायांचे अंगठे झिजलेले असतात, मशीन घेत नाही. तेव्हा चेहऱ्यावरून करून द्या म्हणून सांगा.

परगावहून आलेल्यांसाठी दुसऱ्या टप्प्यात एक मोठी सोय झाली. इथलं रेशन कार्ड आणि पत्त्याचा पुरावा नसला तरी स्वयंघोषणापत्र चालतं. खोली भाड्याची, कार्ड नंदुरबारचं, म्हणून एजन्सीने परत पाठवलं असेल तर पुन्हा जा आणि हे शब्द वापरा: "स्थलांतरित कुटुंब, स्वयंघोषणा." मात्र गावाकडे सासूच्या घरात तुमच्याच नावाचं कनेक्शन असेल तर इकडे दुसरं मागू नका. आधारवरून ते कळतं. गावाकडचंच ठेवायचं असेल तर महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आहे, उज्ज्वलावाल्या घराला वर्षाला तीन सिलिंडर. कनेक्शन बाईच्या नावावर असलं पाहिजे ही अट तिथेही. दोन्हीकडचं मिळून पाच मिळतील असा हिशोब एका जिभाऊंनी आमच्यासमोर मांडला होता. हुशारी चांगली, पण तसं नाही.

आता तो मुद्दा, ज्यासाठी खरं म्हणजे हे लिहायला बसलो. होडी.

२०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत १४ गोष्टी ठरवल्या होत्या. त्यातली एक जरी घरात असली तरी कुटुंब गरिबांच्या यादीतून आपोआप बाहेर. उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात जे १४ कलमी घोषणापत्र आलं त्याचा पाया हाच. त्यात दुचाकी-चारचाकीच्या ओळीतच मासेमारीची होडी बसवली आहे. पुढे फ्रीज. पुढे ५० हजारांवरच्या मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड. पुढे घरातल्या कुणाचं महिन्याला १० हजारांवर उत्पन्न.

आपलं घर या यादीतून चालवून बघा. होडी आहे, कारण तिच्याशिवाय पोट नाही. फ्रीज आहे, कारण न विकलेली मासळी रात्रभर कुठे ठेवणार? त्यात आपलं दूध-भाजी कमी आणि बर्फ जास्त. आणि किसान कार्ड? ते तर आम्हीच काढायला लावलं! २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड खुलं झालं. संस्थेने शिबिर घेतलं, फॉर्म भरून दिले, फोटो काढले, पेढे वाटले. सावकाराच्या व्याजापेक्षा ते शंभरपट बरं, आजही आम्ही तेच सांगू. पण कर्जाची मर्यादा ही कमाई नव्हे. ते डोक्यावरचं ओझं आहे, आणि कागद ते श्रीमंतीत मोजतो. शिबिरात ही गोष्ट आम्ही सांगितली नाही, कारण आम्हालाच माहीत नव्हती. ज्यांची मर्यादा ५० हजारांच्या थोडीच वर आहे आणि तेवढी लागत नाही, त्यांनी नूतनीकरणाच्या वेळी संस्थेत येऊन एकदा बोलावं. ज्यांना लागते त्यांनी गॅससाठी भांडवल कापू नये. तीनशे रुपयांसाठी जाळ्याचे पैसे कमी करणं हा आतबट्ट्याचा धंदा.

होडीबाबत मात्र एक शब्द नीट वाचा. तिथे मोटारीची, नोंदणी लागणारी होडी असं आहे. वल्ह्याची होडी, डोंगा, थर्माकोलवर बांधलेला तराफा त्यात नाही. काक्रापारच्या पाण्यात, गावतळ्यात, मिंढोळ्यात जे जाळं टाकतात त्यातल्या कितीतरी जणांकडे इंजिन नाहीच. आमच्या एका सभासदाने कॉम्प्युटरवाल्याकडे फॉर्म भरला. पोराने विचारलं, "काका, होडी आहे का?" काका म्हणाले, "आहे." पोराने होय लावलं. अर्ज गेला. खोटं कुणीच बोललं नाही, आणि सवलत गेली. मोटार आहे का, हे विचारायचं होतं. उकाईला इंजिन लावून जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी खोटं लिहू नये, सापडतं. पण होडी संस्थेच्या नावावर नोंदलेली असेल आणि तुम्ही ती नुसती चालवत असाल, तर ती तुमच्या कुटुंबाची मालमत्ता नाही. तसा कागद हवा असेल तर संस्था देईल.

सरकारलाही ही ओळ कुठेतरी खटकली असावी. २०२४ मध्ये ग्रामीण घरकुल योजनेचे निकष बदलले. दुचाकी, मोटारीची मासेमारी होडी, फ्रीज आणि लँडलाईन फोन यादीतून निघाले. उत्पन्नाची हद्द १० वरून १५ हजार झाली. ५० हजारांवरचं किसान कार्ड मात्र तिथे अजून आडवं येतं. म्हणजे होडीमुळे घरकुलातून पूर्वी बाहेर गेलेल्यांनी पुन्हा नाव लावायला हरकत नाही. गॅससाठी २०२५ पासून वंचिततेचं एक घोषणापत्र भरून घेतात. सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचायला लावा, गुजरातीत कळत नसेल तर कुणाकडून तरी समजून घ्या. सही तुमची असते, कॉम्प्युटरवाल्याची नसते.

इंजिनवाले होडीमालक म्हणतील, मग आमच्यासाठी काय? छतावरचं सोलर. फेब्रुवारी २०२४ ची पंतप्रधान सूर्यघर योजना, तिला उत्पन्नाची अट नाही, होडी विचारत नाहीत. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६०, तीन आणि वर ७८ हजार अनुदान. छत स्वतःचं आणि कनेक्शन स्वतःच्या नावावर हवं. ज्यांचं बिल मोठं आहे त्यांनीच विचार करावा. महिन्याला ७०-८० युनिट जाळणाऱ्याने यासाठी कर्ज काढू नये, असं आमचं मत. आणि घरच्या मीटरवर विक्रीच्या मासळीचा मोठा फ्रीझर चालवणाऱ्यांनी जपून असावं. धंद्याचा वापर घरगुती दरात धरत नाहीत, तपासणी आली तर दंड बसतो.

थंड देशांत घर गरम ठेवायच्या बिलाला मदत देतात. अमेरिकेत १९८१ पासून त्याचा कायदा आहे, आणि तिथेही आधी घरात माणसं किती आणि कमाई किती हेच बघतात. आपल्याकडे माणसं कुणी मोजत नाही, वस्तू मोजतात. आठ माणसांच्या घरात एक फ्रीज आणि दोन माणसांच्या घरात एक फ्रीज, कागदाला दोन्ही सारखेच. पुढच्या वर्षी तालुक्याला निवेदन द्यायचं ठरलं तर हा मुद्दा त्यात असावा असं आम्हाला वाटतं. सर्वसाधारण सभेत बोलू.

तोवर दर रविवारी सकाळी १० ते १ संस्थेच्या खोलीत बसतोय. येताना शेवटचं लाईट बिल, रेशन कार्ड, बीपीएल दाखला असेल तर तो, गॅसचं पुस्तक, बँकेचं पासबुक आणि किसान कार्ड आणा. मोबाईलमधला फोटो नको, त्यात ग्राहक क्रमांक दिसत नाही आणि मग आपण दोघंही डोळे फोडत बसतो. बाजाराच्या दिवशी ज्यांना जमत नाही त्या बायांनी निरोप पाठवा, आम्ही संध्याकाळी टोपल्या उठल्यावर बाजारातच येऊ.